राजाचं गाणं, टाळांसकट

मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यांचं स्वागत त्यांच्या राष्ट्रगीताने करायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हाच मला कुणीतरी आवरायला हवं होतं. मुलगी नेपाळची, इथे चंदीगडलगत, सेक्टर सदुसष्टमध्ये औषधांवर संशोधन करते. तिचे वडील निवृत्त शिक्षक. मुलगा आणि घर बघून ते होकार की नकार ते सांगणार होते.

आम्ही बदलीची माणसं. चंदीगडला आल्याआल्या मी पेटी काढली नि भजनी मंडळ जमवलं. नेपाळचं राष्ट्रगीत म्हणून नेटवर जी चाल पहिली सापडली, ती बसवली. शब्द देवनागरीतच, बायका खूश! आणि आमच्या मंडळाला कुठलंही गाणं दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत नेल्याशिवाय सोडवत नाही.

पाहुणे आले, चहा झाला, आम्ही सुरू केलं. ते ताडकन उभे राहिले. मला कोण आनंद! दुसऱ्या ओळीला मुलीने कपाळावर हात मारला. मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "आई, यार, हे जुनं आहे! राजाचं!" पण तोवर टाळ दुगणीत शिरले होते, आणि तिथून आमच्या बायकांना थांबवणारा अजून जन्मायचाय.

संपल्यावर मुलीनेच सगळं सांगितलं. आधी राजाला सलामी द्यायची नुसती धून होती, शब्द मागाहून आले. लोक राजाविरुद्ध रस्त्यावर उतरले, मग हे गाणंही गेलं. त्या आंदोलनात तिच्या वडिलांनी लाठ्या खाल्ल्या होत्या.

ते फोन लावू लागले. गेलं लग्न, मी मनात म्हटलं. पडद्यावर त्यांची बायको दिसली.

"बहनजी, एक बार फिर," ते मला म्हणाले. "वही तेज़वाला."

मग उलगडलं: लहानपणी शाळेच्या प्रार्थनेला पुढे उभी राहून हे गाणं म्हणायची ती मुलगी म्हणजे ही बाई, आणि तिच्या आवाजासाठी रोज वेळेवर शाळेत येणारा मुलगा म्हणजे हे. "राजा को तो हमने भगाया," ते म्हणाले, "पर इसकी आवाज़ में यह गाना फिर कभी नहीं सुना."

आम्ही पुन्हा सुरू केलं. बाई तिकडून गाऊ लागल्या. नेटवर्कमुळे त्या एक ओळ मागे, आमचे टाळ एक ओळ पुढे, आणि मधे हे गृहस्थ, हसताहेत की रडताहेत कळेना. मलाही रडू आलं.

"लड़का भी गाता है?" बाईंनी विचारलं.

आमचा मुलगा आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतो. "पक्का, आंटी जी!" म्हणाला आणि पहिल्याच ओळीला असा बेसूर झाला की बाई हसत हसत खुर्चीत मागे रेलल्या.

"शादी में," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "इसको सिर्फ़ झाँझ देना."