पोपटी, मावशी आणि कोंबडी न मारणारा फौजी

लग्न झालं आणि आठवड्यातच नवऱ्याची सुट्टी संपली. त्यामुळे थंडीत तो सीमेवरून परत आला तेव्हा मी त्याला घरी टेकूच दिलं नाही. रोह्याजवळ माझी मावशी राहते, तिच्याकडे पोपटी, म्हणजे मडक्यात घालून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा नि कोंबडी, खायला जायचं, असं जाहीर केलं आणि पनवेलहून मोटारसायकलवर निघालोसुद्धा. मागे बसून मी बेसूर गाणी म्हणत होते. मनात मात्र लग्नापासूनचा एक प्रश्न होता: यानं कधी कुणाला मारलं असेल का? विचारायची छाती होत नव्हती.

पेणला थांबायचंच. पोह्याचे पापड नवऱ्यानं अख्ख्या पलटणीला पुरतील एवढे घेतले, ते सगळे माझ्या मांडीवर. वडखळनंतर खड्ड्यांनी कंबर ढिली केली, म्हणून कासूला चहा. नागोठण्याहून आत वळलात की रस्ता बरा आहे आणि दुतर्फा वालाची शेतं.

मावशीनं मडकं, भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी असं सगळं मांडून ठेवलं होतं. गावठी कोंबडी तेवढी जिवंत होती. मावशीनं सुरी जावयापुढे धरली.

"तुमच्या हातून होऊ दे. फौजी मानूस, तिला कळायचं पन नाय."

नवरा दोन पावलं मागे सरला. "मावशी, मला नाही जमणार."

"आन् तिकडं सीमेवर कसं जमतं?"

"तिथं समोरच्याच्या हातात बंदूक असते. हिनं काय केलंय?"

मावशी पदर तोंडात धरून हसत सुटली. मीही हसून हसून खाली बसले. शेवटी मावशीनंच परसात जाऊन काम उरकलं.

मडकं उघडलं, ओव्याचा वास सुटला आणि या पठ्ठ्यानं पहिली तंगडी उचलली.

"आमी मारायचं न् तुमी खायचं, व्हय?" मावशीनं चिडवलं.

"वर्षभर उलटंच असतं की, मावशी," तो चघळत म्हणाला.

मावशीचं हसू मध्येच थांबलं. मग तिनं दुसरी तंगडीही त्याच्याच पानात घातली.

थंडी आहे तोवर जाऊन या, शेंगा आता भरल्यात. आम्ही घरी आलो तेव्हा पापडांचा निम्मा चुरा झाला होता. चुरा डब्यात भरता भरता मी अखेर तो प्रश्न विचारलाच. तो "हो" म्हणाला. मला रडू आलं, पण त्याचा हात धरला तो मी सोडला नाही. इतके दिवस मी हा प्रश्न त्याच्या एकट्याचा असल्यासारखा मनात धरून होते, पण तो तिकडे मारत होता तेव्हा इकडे निवांत जेवत तर मीही होते.