रुखवतातली ठकी

माझ्या बाहुल्यांच्या कपाटाला काचेची दारं आहेत आणि त्या काचांवर आईने पडदा लावलेला आहे. पाहुणे यायचे असले की ती आधी पडदा ओढते, मग चहाचं आधण ठेवते. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत लपवण्यासारखं दुसरं काही नाही. गिरणी बंद पडल्यावर बाबा कुठल्या कुठल्या बिल्डिंगखाली वॉचमन म्हणून उभे राहिले, तेही आई सरळ सांगते. पण चाळिशीला टेकलेला मुलगा बाहुल्या जमवतो हे सांगायची वेळ आली की ती विषय बदलते.

मी जमवतो. त्यांच्याशी खेळत नाही, बोलत नाही, त्यांना उशाशी घेऊन झोपत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोकांना एवढंच विचारायचं असतं. माझ्याकडे मान डोलावणाऱ्या तंजावरच्या आहेत, राजस्थानच्या कठपुतळ्या आहेत, चोरबाजारात मिळालेली, एक डोळा गेलेली विलायतीही आहे. जिचे कपडे विरलेत तिला मी नवे शिवतो, जिचं नाक उडालंय तिला रंगाऱ्याची लांबी भरून नाक देतो. आमच्याच मजल्यावरचा एक गृहस्थ जुनी घड्याळं जमवतो. त्याला सोसायटीत सगळे शौकीन म्हणतात. माझं कळल्यापासून हाच शौकीन माणूस मी लिफ्टमध्ये शिरलो की आपल्या मुलीचा दंड धरून तिला स्वतःच्या पलीकडे उभी करतो. तुझ्या पोरीपेक्षा माझ्या बाहुल्या दिसायला बऱ्या आहेत, असं एकदा जिभेवर आलं होतं. गिळलं. बोललो असतो तर त्याने पोलीसच आणले असते.

नोकरीने मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये आली की जाऊन नुकसान बघायचं, फोटो काढायचे. त्यामुळे गाड्यांचे बंपर मी जितके वाकून बघितलेत तितके देवही बघितले नसतील. दर दोनचार गाड्यांमागे एकीच्या बंपरखाली काळी बाहुली उलटी टांगलेली असते, नजर लागू नये म्हणून. पुढचा भाग चक्काचूर झालेला असतो आणि बाहुली शाबूत. मालक येतो, गळ्यात जाडजूड साखळी, दंडावर गोंदलेलं, आणि सगळ्यांत आधी ती बाहुली सोडवून खिशात घालतो. त्याला कोणी बायल्या म्हणत नाही. बाहुलीला काळं फासून उलटं टांगलं की ती पुरुषाला शोभते.

माझी पहिली बाहुली म्हणजे ठकी. सावंतवाडीची, एका लाकडात कोरलेली, वीतभर उंच, लाल लुगडं आणि टपोरे डोळे रंगवलेले. ती माझ्यासाठी आणलेली नव्हती. आजोळहून मामा आला तेव्हा त्याने धाकट्या बहिणीला ठकी दिली आणि मला बॅट. बहिणीने त्याच संध्याकाळी ठकी माझ्या अंगावर फेकली आणि बॅट ओढून घेतली. माझी काही तक्रार नव्हती. सौदा दोघांनाही पटला होता. पुढे एकदा भांडणात तिने त्याच बॅटने ठकीच्या नाकाचा टवका उडवला, तेवढंच. ते एक नाक मी कधी भरलं नाही. ती आमच्या तेव्हाच्या चाळीतल्या पोरांत क्रिकेट खेळायला लागली तेव्हा बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोरगी वाघीण आहे. मी ठकीसाठी चिंधीची चोळी शिवत होतो तेव्हा त्यांनी सुई काढून घेतली आणि माझ्या तळहाताला टोचून दाखवली. बायकांचं काम हाताला लागतं, म्हणाले, सवय नसते आपल्याला.

बहिणीचं लग्न उशिरा ठरलं, बोरिवलीच्या घरात. वरमाई मोठी चोखंदळ. आजकाल रुखवतही भाड्याने मिळतं, पण तिने आधीच सुचवून ठेवलं होतं की आमच्याकडे रुखवत मुलीच्या हातचं लागतं. माझ्या बहिणीला बटण लावता येत नाही. मग आईने प्रथमच कपाटाचा पडदा स्वतःच्या हाताने बाजूला केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या त्या बावल्यांचो एकदा तरी उपयोग होऊंदे."

खरं सांगतो, मी हरखलो. ऑफिसातून आल्यावर दुसरं काही सुचेना. कपाटातल्या बाहुल्या घेऊन अख्खा लग्नमंडप मांडायचा ठरवला. नवरीला नऊवारी, नवऱ्याला फेटा, भटजीला उपरणं, मधे अंतरपाट. तांब्याच्या बारीक तारेची नथ वाकवताना डोळे दुखायचे. नवरीच्या मागे करवली हवी होती आणि त्या उंचीची बाहुली एकच होती. मीच ठकीला तिथे उभं केलं, हातात इवलीशी समई दिली. आईशी ठरलं होतं की नवरानवरी बहिणीबरोबर जातील आणि बाकीच्या घरी परत येतील, निदान ठकी तरी. आई हो म्हणाली होती.

मुलुंडच्या हॉलमध्ये रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची ही गर्दी. फोटो निघत होते. वरमाईने विचारलं, कोणी केलं. आईने सांगितलं, मुलीनेच, रात्र रात्र जागून. बहीण शेजारीच उभी होती. तिने मान खाली घालून कौतुक घेतलं, जणू खरंच जागली होती. मला राग आला नाही. बाहुल्यांचं कौतुक होतंय ना, मग नाव कोणाचं का असेना, असं मी मनाला समजावत होतो.

तेवढ्यात कोणाच्या तरी पदराने नवरी आडवी झाली आणि तिचं लुगडं सुटलं. वरमाई बहिणीला हसून म्हणाली, नेसव गं पुन्हा, आम्हालाही बघू दे. बहिणीने बाहुली उचलली, निऱ्यांशी झटापट केली, काष्टा पुढून घालायला गेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी गप्प राहायला हवं होतं. पण ती बाहुलीचा हात असा पिरगळत होती की मला राहवेना. मी पुढे झालो, बाहुली घेतली, निऱ्या काढल्या, काष्टा मागे खोचला, पदर पिनेने बसवला आणि नथ सरळ केली. मान वर केली तेव्हा टेबलाभोवतीच्या बायका माझ्या बोटांकडे बघत होत्या. मग मागून कोणीतरी हसलं. जेवणाच्या पंगतीपर्यंत बातमी नवऱ्याकडच्या शेवटच्या पाहुण्याला पोचली होती.

लाजाहोमानंतर कानपिळी असते. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ असा दम भरायचा आणि नवऱ्याने त्याला मानाचं काही द्यायचं. गुरुजींनी हाक मारली, मी पुढे झालो आणि हात नवऱ्याच्या कानापर्यंत नेला. नवऱ्याचा मामा शेजारीच उभा होता, उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला. ओटीच्या ताटात ब्लाउजपीस रचून ठेवले होते. त्यातला एक त्याने उचलला, नवऱ्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आम्ही मेव्हणा मागितला होता, ही तर मेव्हणी निघाली. घ्या, मान घ्या."

नवऱ्याने ब्लाउजपीस माझ्यापुढे धरला. अख्खा हॉल हसला. व्हिडिओवाल्याने माझ्या तोंडावर दिवा मारला. मी बाबांकडे बघितलं, तर बाबाही हसत होते, दात दाखवून, मुलीचा बाप हसतो तसं. आणि बहीण हसली. मुंडावळ्या हलल्या, म्हणून मला दिसलं. कान पिळायचा राहूनच गेला, गुरुजी पुढच्या विधीला लागले होते. मी ब्लाउजपीस घडी घालून खिशात ठेवला. कापड चांगलं होतं, इरकली काठाचं, बाहुलीला शोभलं असतं, आणि त्या वेळीही हे माझ्या लक्षात आलं याचीच मला जास्त लाज वाटली.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि मी टेम्पोकडे बघत होतो. रुखवत खोक्यांत भरलं जात होतं. आईला बाजूला घेऊन म्हटलं, माझी ठकी. तिने डोळे पुसले. "रुखवतात ठेवलेली वस्तू परत मागूची नसता. पोरीच्या संसारात खोट येता. गप रव, आज तरी माझी लाज राख." तिची लाज राखली. टेम्पो गेला.

त्यानंतर बहिणीला फोनवर कितीदा तरी सांगितलं. प्रत्येक वेळी म्हणायची, पाठवते रे दादा, खोकी अजून उघडलीच नाहीत.

भाऊबीजेला बोरिवलीला गेलो. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये मेव्हण्याची नवी गाडी उभी होती, दसऱ्याचा हार वाळून गेलेला. सवयीने मागच्या बंपरकडे वाकलो. खाली लाकडाची बाहुली उलटी टांगलेली होती. नखशिखांत काळा ऑइलपेंट. बुडात ड्रिलने भोक पाडून हूक फिरवला होता आणि हुकातून नायलॉनची दोरी ओवली होती. नाकाचा टवका उडालेला होता. मी गुडघ्यांवर बसलो, आणि किती वेळ बसलो होतो कोण जाणे, वॉचमनने येऊन विचारलं, किसके यहाँ जाना है.

वर गेलो. पाटावर बसलो, बहिणीने ओवाळलं, मी ताटात साडी ठेवली. सगळं यथासांग होऊ दिलं आणि मग विचारलं. ती जराही चपापली नाही. बाजारात मिळतात त्या कापडी बाहुल्या एका पावसात सडतात म्हणाली, ही लाकडाची, मजबूत. बाकीच्या माळ्यावर आहेत, त्यांना काही झालेलं नाही. मग तबकातलं निरांजन सरळ करत म्हणाली, "आणि दादा, तशी ती माझीच होती ना? मामाने माझ्यासाठी आणलेली."

"आणि बॅट?" मी विचारलं.

"काय रे, बॅटचं काय आता?"

मेव्हणा सोफ्यावर रेलून फराळ करत होता. तो चकली मोडत म्हणाला, "जाऊ दे ना, सालेसाहेब. तुम्हाला दुसरी आणून देतो. गोरी."

मी उठलो आणि सोफ्यामागे जाऊन त्याचा कान धरला. म्हटलं, मेव्हणे, कानपिळी राहिली होती. तो हसला, बहीणही हसली. मी पिळला. तो हसतच म्हणाला, बस बस. मी आणखी पिळला. गॅरेजमध्ये वाकडे पत्रे तपासून माझी बोटं मजबूत झालेली आहेत, बाहुल्यांना नथी करून चिवट. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, चकलीचा घास तोंडातच राहिला, तो आईच्या नावाने ओरडला आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या घराने मला पुरुष म्हणून ओळखलं असेल. बहीण माझ्या मनगटावर मारत होती, सोड म्हणत होती, आणि मी सोडला तेव्हा कानाच्या पाळीला रक्त आलेलं होतं.

ती दार उघडून उभी राहिली. "निघ. आणि परत माझ्या दारात येऊ नकोस." दादा म्हणाली नाही.

खाली आलो आणि नव्या कुर्त्यानिशी गाडीमागे आडवा झालो. हूक निघेना, म्हणून दोरी दाताने तोडली. वॉचमन लांबूनच म्हणत होता की त्या बाहुलीला हात लावू नका, सगळ्यांची नजर तिच्यात उतरलेली असते. मी म्हटलं, मला सवय आहे.

पंधरवड्यात मेव्हण्याची गाडी हायवेवर दुभाजकाला घासली. कोणाला काही झालं नाही, नुसता दरवाजा गेला, पण खापर माझ्यावर फुटलं. बाहुली उतरवली म्हणून झालं, असं वरमाईने आईला फोन करून सांगितलं. क्लेम माझ्याकडे आला नाही याचं वाईट वाटलं.

ठकीचा काळा रंग थिनरने काढायला बसलो. काळा निघाला, पण त्याच्याबरोबर लाल लुगडं गेलं, कुंकू गेलं आणि डोळेही गेले. आता नुसतं लाकूड आहे, बुडात भोक पडलेलं. डोळे मला रंगवता येतात, पण ते माझे होतील, तिचे नाही, म्हणून तशीच ठेवली आहे. आईने बघितलं आणि म्हणाली, आता तरी टाक तिका. मी तिला पुढच्या रांगेत उभं केलं. त्या ब्लाउजपीसची चोळी तिला शिवली आहे, मापात बसली.

यंदाच्या भाऊबीजेला आई सकाळपासून फोनकडे बघत होती. मी ऑफिसला सुट्टी टाकली नव्हती, अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये होतो. दिवेलागणीला बहिणीचा स्टेटस दिसला. तिच्या गॅलरीतला फोटो होता. नवी साडी, हातात तबक, आणि समोर पश्चिमेला बीजेची कोर. ती चंद्राला ओवाळत होती. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, हे आम्हाला दोघांनाही आईनेच शिकवलं होतं.

स्टेटस कोणी कोणी बघितला हे टाकणाऱ्याला दिसतं. म्हणजे मी बघितला हेही तिला दिसलं असणार.