आदल्या दिवशीची टेप

जुन्या रेकॉर्ड्स नव्याने निघतात, त्यांच्यावर लिहिण्याचं काम मी करते. चाळीस वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण कंपन्या कुठल्या तरी कपाटातून शोधून काढतात, साफसूफ करतात, नव्या कव्हरमध्ये घालतात, आणि मी एका वेबसाइटसाठी त्यावर इंग्रजीत सातशे शब्द लिहिते. सत्तरच्या दशकाची शेवटची तीन-चार वर्षं माझ्या वाट्याला आली. बहुधा दुसऱ्या कुणाला नको होती. डिस्को, रॉक, जॅझ, लंडनच्या पोरांचा आरडाओरडा, आफ्रिकेतली नाचाची गाणी, आपल्याकडच्या कव्वाल्या आणि मैफलींच्या टेपा. खोलीचं दार लावायचं, हेडफोन घालायचे, आणि कुणाशी न बोलता लिहून पाठवायचं. मला लोकांशी बोलणं जमत नाही, त्यामुळे हे काम जमलं.

अशा रेकॉर्डवर बहुतेक वेळा एक आमिष असतं: 'याआधी कधीच न ऐकलेलं'. म्हणजे त्याच गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण, जे तेव्हा बाजूला ठेवलं होतं. लोक तेवढ्यासाठी तीच रेकॉर्ड पुन्हा विकत घेतात. बाजूला ठेवलेलंच जास्त जिवंत वाटतं, असं मीही कितीतरी वेळा लिहिलं आहे. लिहायला सोपं असतं ते. गाणाऱ्यांत आपलं कुणी नसतं.

बाबा सरकारी कचेरीत होते. लग्नाआधी ते गायचे. वृंदगानाचा एक गट होता, त्यात. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी तालीम असायची. पंधरा-वीस जण, कुणी बँकेतले, कुणी शिक्षक, एकजण तर लोणी काळभोरहून बसने यायचा. त्या गटाला घेऊन भावगीतांची एक एलपी निघाली. मुंबईला जाऊन दोन दिवसांत सगळी गाणी गायली. कव्हरवर गायिकेचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली बारीक अक्षरांत 'आणि वृंद'. त्या वृंदात बाबा. पण दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी, सगळे थांबतात. वाद्यंही थांबतात. आणि एकच पुरुष एक ओळ गातो. अकरा सेकंद. ती ओळ बाबांची.

आई त्यांच्या आयुष्यात आली तेव्हा गाणं सुटलं होतं. आजोबा अचानक गेले होते, दोन धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती, आणि रविवार शिकवण्यांत जात होता. एलपी कुणीतरी ऐकायला म्हणून नेली ती परत दिली नाही. त्याआधी शेजाऱ्यांनी ती कॅसेटवर उतरवून दिली होती, म्हणून गाणं घरात राहिलं. आईने नवऱ्याचं गाणं ऐकलं ते फक्त त्या कॅसेटवर. ते घरात गुणगुणतसुद्धा नसत. पाहुण्यांनी आग्रह केला तर म्हणायचे, "आमचं गाणं अकरा सेकंदांचं. ते होऊन गेलं. आपण पोहे घ्या."

ती कॅसेट मी पुसली.

सातवीत होते. इंग्रजी वक्तृत्वाची स्पर्धा होती आणि बाईंनी सांगितलं होतं की कविता रेकॉर्ड करून स्वतःच ऐका, म्हणजे चुका कळतील. टेपरेकॉर्डरच्या खालच्या खणात एक कॅसेट होती. तिच्या वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे छोटे तुकडे मोडलेले होते, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये अशी व्यवस्था मुद्दाम केलेली होती. त्या भोकांवर सेलोटेप लावली की ती व्यवस्था निकामी होते, हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं. तिच्यावर मराठी गाणी आहेत हे मला ठाऊक होतं. बाबांचं गाणं आहे हेही ठाऊक होतं. पण मराठी गाणी काय, कुठेही मिळतात, असं मला तेव्हा वाटायचं. शाळेत तर मी ती ऐकते हेही कुणाला सांगत नव्हते. मी पाच दिवस कविता म्हणत राहिले, कॅसेटच्या दोन्ही बाजू भरेपर्यंत.

काही दिवसांनी, एका रविवारी, बाबांनी ती कॅसेट लावली. मी जेवणाच्या टेबलाशी गणितं करत होते. स्पीकरमधून माझा आवाज आला, इंग्रजी, टाचा उंचावून बोलावं तसा. बाबांनी कॅसेट उलटी करून पाहिली. तिकडेही मीच. त्यांनी ती कविता पूर्ण ऐकली, बटण दाबलं आणि म्हणाले, "उच्चार स्वच्छ आहेत."

संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "मशीनने टेप खाल्ली." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. माफी मागायला एखादा रागावलेला माणूस समोर लागतो.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांचा घसा बसला तो सुटेना. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. बाबा बसलेल्या आवाजात म्हणाले, "हरकत नाही. आजवर बोलून तरी काय दिवे लावले?" डॉक्टरांना हसावं की नाही ते कळलं नाही.

मधे आठ दिवस होते. माझ्या टेबलावर मुलाखतींसाठी घेतलेला चांगला रेकॉर्डर होता. तो त्यांच्यापुढे ठेवून, "बाबा, जरा काहीतरी बोला," एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणणं म्हणजे यापुढे तुम्ही बोलणार नाही हे त्यांच्या तोंडावर सांगणं. आमच्या घरात असलं कुणी सांगत नाही. आईने तो रेकॉर्डर दोनदा पुसून पुन्हा जागेवर ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये बघत राहिले. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरून बाबा म्हणाले, "गीझर चालू राहिलाय बहुतेक." ते शेवटचं.

नंतर त्यांच्याकडे एक पांढरा बोर्ड आला, आणि काळा मार्कर. लिहूनही ते तेवढंच कमी बोलत. आईची अडचण वेगळीच होती. तिला भरून आलं की ती एकच म्हणायची, "निदान ती कॅसेट तरी राहायला हवी होती." ती हे बोलली की बाबा माझ्याकडे बघायचे नाहीत. मुद्दाम बघायचे नाहीत.

म्हणून, ती एलपी आता सीडीवर नव्याने निघते आहे हे कंपनीच्या यादीत मी दोनदा वाचलं. मी त्याच दिवशी प्रत मागवली. इतकी वर्षं उरावर बसलेली एक गोष्ट फिटणार होती, आणि तीही काही कबूल न करता.

पार्सल दुपारी आलं. आईने टीव्ही बंद केला, साडी नीट केली, बाबांना खुर्चीत बसवलं.

"आई, आठवं गाणं आहे. डायरेक्ट लावते."

"नाही. मी पहिल्यापासून ऐकणार. घाई तुला असेल."

सात गाणी आम्ही तिघं न बोलता बसलो. आठवं सुरू झालं. शेवटच्या कडव्याआधी सगळे थांबले, आणि तो एकटा आवाज आला. आईने हात वर केला, जणू आम्ही बोलत होतो.

"हाच! अहो, हाच ना? किती कोवळा आवाज होता हो तुमचा. मला एवढा कोवळा आठवत नव्हता."

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग मान हलवली.

आईने पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मग शेजारच्या काकूंना सांगायला गेली, चपला न घालताच. दार लोटल्यावर बाबांनी बोर्ड उचलला.

'मी नाही.'

मी वाचलं आणि तरी म्हटलं, "म्हणजे?"

'लोणी काळभोरचा. पहिल्या दिवशी माझा घसा बसलेला. त्याने गायलं. दुसऱ्या दिवशी परत घेतलं, मी. तेच छापलं होतं.'

मी सीडीसोबतची पुस्तिका उघडली. शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत होतं: मूळ टेपचा काही भाग बुरशीने खराब झाल्यामुळे या गाण्यासाठी आदल्या दिवशीची टेप वापरली आहे, याआधी कधीच न ऐकलेली. संगीतप्रेमींना ही पर्वणी वाटेल, अशी कंपनीची खात्री होती.

"बाबा, आईला सांगायला हवं."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने बोर्ड पुसला आणि लिहिलं, 'चांगला गायचा तो.' मग तेही पुसलं. बाहेर आईचा आवाज आला, काकूंना घेऊन येत होती. ते खुर्चीत नीट बसले, आणि काकूंसमोरही त्यांनी मान हलवली.

त्या रेकॉर्डवर मी लिहिलं नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं.

नंतर तो नेम झाला. दुपारची झोप झाली की चार वाजता आई चहाचं आधण ठेवायची आणि आठवं गाणं लावायची. सीडीप्लेअर चालवायला शिकली होती. ओळ आली की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बाबांकडे बघायची. बाबा मान हलवायचे. मग ती चहा गाळायला आत जायची. रोज. पाहुणे असले तरी, ताप असला तरी. त्यांना ते किती जड जात होतं ते मला माहीत नाही. मी त्या वेळी माझ्या खोलीत जाऊन हेडफोन घालायला लागले होते.

मी मूळ एलपी शोधायला सुरुवात केली. जुन्या बाजारात गेले, अनोळखी लोकांना फोन केले, ज्याने मला घाम फुटतो. हडपसरला एका संग्राहकाकडे ती असल्याचं कळलं. दोन बसेस बदलून गेले. त्यांनी कव्हर काढून दिलं, आत दुसरीच कुठली तरी तबकडी. "अहो, हे असंच चालतं यात," ते म्हणाले. "लोक ठेवतात कुठलीही कशातही."

घरी येऊन बाबांना सांगितलं, दुसरी कुठेतरी सापडेल. त्यांनी लिहिलं:

'सापडली तर तिला काय सांगशील?'

याचा मी विचारच केला नव्हता. खरा आवाज घरी आणायचा तर बाबा रोज चार वाजता खोटं बोलत होते हेही सोबत येणार होतं. मी शोधणं थांबवलं.

दीड वर्षाने बाबा गेले. त्या महिन्यात मी त्यांचे कागद लावत असताना त्यांच्या खणात, पासबुकांच्या खाली, ती कॅसेट सापडली. भोकांवर पिवळी पडलेली सेलोटेप अजून होती. त्यांनी ती फेकली नव्हती. मी ती कामाच्या मशीनवर लावली. गाण्याचं काही उरलं असेल तर कुठे उरलं असेल, हे मला धंद्यामुळे कळतं. काही उरलं नव्हतं. फक्त मी, तीच कविता, पुन्हा पुन्हा. आणि दुसऱ्या बाजूला, सहाव्या की सातव्या वेळी, मी कवितेच्या मधोमध असताना, लांबून, दुसऱ्या खोलीतून, बाबा:

"अगं, कविता शेजाऱ्यांचीही पाठ झाली. आता तू जेवायला ये."

खरखर साफ करता येते. मी केली नाही.

आईला सांगायला मला तीन दिवस लागले. तिच्या पलंगाशी बसून म्हटलं, "आई, ती कॅसेट मशीनने खाल्ली नव्हती. मी पुसली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सेलोटेप तू माझ्याकडूनच नेलीस. कशाला हवी ते मी विचारलं नाही."

मग मी तिला ते वाक्य ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. दोनदा. तिचा चेहरा हलला नाही. मला वाटलं होतं ती रडेल, मग मी रडेन, आणि काहीतरी संपेल.

"हा त्यांचा रोजचा आवाज," ती म्हणाली. "हा माझ्या कानात आहे. तू ठेव ती." मग उठली, "चार वाजले का गं?" म्हणत.

आता तिला मोतीबिंदूमुळे आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीमुळे वाचता येत नाही. पेपर, पत्रं, सगळं मीच वाचून दाखवते, त्यामुळे काय वाचायचं ते मी ठरवते. हे वाचणार नाही. पण सीडीप्लेअरची बटणं तिला हाताला बरोबर सापडतात. चहाचं आधण ती अजून स्वतः ठेवते. ओळ येते, लोणीच्या त्या माणसाची, पहिल्या दिवशीची, आणि आई दारात येऊन माझ्याकडे तोंड करून उभी राहते. दिसत नसलं तरी.

मान हलवून आता भागत नाही.

"हो," मी म्हणते. "बाबाच."