हळदीचं पिवळं पाणी

त्यानं माझ्या हातातला गिलास घेतलाच नाही. छडीच्या टोकानं ढकलला. पाणी माझ्या पायांवर सांडलं.

मी नववीत होते. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि तो प्रमुख पाहुणा. आखाडा बाळापूरकडच्या आमच्या गावात हळद पॉलिशचा ड्रम त्याचाच. हळकुंडं चमकावीत म्हणून ड्रममध्ये पिवळा रंग टाकायचा. ड्रम धुतलेलं पाणी नाल्यात, आणि नाला आमच्या वस्तीतून. माझी आई त्याच्याकडेच कामाला. मी तेच पिवळं पाणी मडक्यात आणलं, शेवग्याच्या बिया कुटून त्यात ढवळल्या, तासभर ठेवून फडक्यानं गाळलं. पाणी नितळ झालं. आधी मी प्याले, मग त्याच्यापुढं धरलं.

"कोणाची पोरगी हाय ही?"

गुरुजींनी वस्तीचं नाव सांगितलं.

"पाणी केलं बराबर साफ. पर हात कशानं साफ करनार?"

सगळे हसले. गुरुजीही. घरी आई म्हणाली, "गप ऱ्हाय. त्याच्याच ड्रमावर आपली चूल हाय." मी आईचं ऐकलं. विसरले मात्र नाही.

त्या रंगात शिसं होतं. शेवग्याची पूड पाण्यातलं बरंचसं शिसं धरते, हे मला कॉलेजात कळलं. तोवर आईचे हात थरथरायला लागले होते.

आता मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या महिन्यात तो आला. नातीच्या रक्तात शिसं निघालं होतं, म्हणून घरच्या विहिरीचं पाणी आणलेलं. त्यातही शिसंच. त्यानं मला ओळखलं नाही.

"ताई, रिपोर्ट जरा बराबर करून द्या. न्हाई तर ड्रम बंद पडंल."

मी माझं नाव सांगितलं, वस्तीचंही. त्याच विहिरीचं, शेवग्याच्या पुडीनं गाळून पुन्हा तपासलेलं पाणी टेबलावर होतं. गिलास भरून त्याच्यापुढं धरला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, पूर्ण प्याला.

"आता तरी करता ना, ताई?"

नातीसाठी पुडीचा डबा दिला, कशी वापरायची ते समजावलं. तिचा काय दोष. मग त्याच्यासमोरच, काही न बदलता, आहे त्याच रिपोर्टवर सही केली.

तो प्याला म्हणून माझा राग शमला नाही. त्याची माफीही मला नको. ड्रमाला टाळं हवंय. तोवर दर सोमवारी त्या नाल्यात उतरून नमुना मीच भरणार. बाटलीवर नाव त्याचं, खाली सही माझी.