एकसष्ट एकोणीस त्रेपन्न

आमच्या शेजारी एक कवळीवाले राहायचे. दातांच्या डॉक्टरांसाठी घरी बसून कवळ्या बनवायचे. गावभर लोक त्यांनी केलेल्या दातांनी हसायचे. हे स्वतः आठवड्यातून एकदा हसले तरी डोक्यावरून पाणी.

साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात रिकामे असायचे, तेवढ्यात ते भागाकार करत. हा नाद लेकीमुळे लागला. ती लहान असताना दोघांनी घरचा फोन नंबरच तपासायला घेतला: ६११९५३. तीनने जात नाही, सातने नाही, तेराने नाही. असं करत मूळ संख्यांमधून सातशे त्र्याहत्तरपर्यंत पोचल्यावर बाप म्हणाला, "झालं."

"आणि पुढचे आकडे?"

"गरज नाही. मोठ्या आकड्याने भाग गेला, तर उत्तर लहान येणार. आणि लहान सगळे आपण बघितलेत."

म्हणजे नंबर मूळ संख्या निघाला! एक आणि तो स्वतः सोडून कुणालाच दाद न देणारा. पोरीने जिना डोक्यावर घेतला. यात एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

पुढे तिच्या लग्नावरून बापलेकीचं वाजलं. दोघं एकाच माळेचे मणी, माघार कोण घेणार? पत्ता न ठेवता ती निघून गेली. ती निघताना हे एवढंच म्हणाले, "घरचा नंबर पाठ आहे ना तुझा?" फोन काही आला नाही. बायको तर आधीच वारलेली. घरात माणूस एक आणि दात ढीगभर.

मग फोन कंपनीने सगळ्या नंबरांच्या आधी दोन लावायचं ठरवलं. कवळीवाले तणतणत कंपनीत गेले, मला सोबत घेऊन.

"दोन लावला की आकड्यांची बेरीज सत्तावीस होते," ते काउंटरवरच्या बाईंना म्हणाले. "तीनने भाग जातो! नऊनेही जातो! माझा आहे तोच राहू द्या."

"काका, फोन लागल्याशी मतलब," बाई हसून म्हणाल्या.

काही महिने जुना नंबर फिरवला की रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, आधी दोन लावा. कवळीवाले रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन आमच्या फोनवरून स्वतःचाच जुना नंबर फिरवत, ऐकत आणि "आहे अजून" म्हणून परत जात.

"भाऊ, त्या रेकॉर्डमधल्या बाईच्या प्रेमात पडलात की काय?" मी एकदा म्हटलं. हसतील तर शपथ.

एका संध्याकाळी रिसीव्हर कानाला लावला तो त्यांनी खाली ठेवलाच नाही. मी घेऊन ऐकलं. आवाज बंद झाला होता. पलीकडे नुसती शांतता.

"नवा नंबर तिला कुठून कळणार, वहिनी?"

"कळेल हो. सगळ्यांचेच बदललेत."

"कळेल तेव्हा कळेल. आधी ती हाच फिरवणार आणि हे ऐकणार." त्यांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला, पुन्हा कानाशी धरला. "तिला वाटेल, बाबा गेले."