मैनाचा तिसरा वाटा

कला शाखेत येणारी निम्मी मुलं गणिताला पाठ दाखवूनच आलेली असतात. त्यांना 'व्यावहारिक गणित' सक्तीचं करणारा माणूस कधी वर्गात उभाच राहिला नसणार, असं वासंती आठल्ये यांचं स्पष्ट मत होतं. विषय मात्र त्यांच्याच गळ्यात पडला. मग कसब्यातल्या या बाईंनी फळा सोडला आणि पिशवीत दोरी, चिंचोके, तराजू घालून त्या सिंहगड रस्त्यावरच्या कॉलेजात येऊ लागल्या. "मंडई भरवणार वाटतं?" स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं. "हो, फक्त गिऱ्हाईक बघून," बाई म्हणाल्या.

मुलं रमली. सगळ्यांत जास्त रमली ती धायरीची मैना. दहावीला गणितात काठावर पास झालेली ही पोरगी चिंचोक्यांचे वाटे करता करता अपूर्णांक शिकली आणि "मॅडम, एवढंच होतं होय हे?" म्हणून स्वतःवरच चिडली. त्या चिडण्यावर बाई बेहद्द खूश होत्या.

गुंठा शिकवायची वेळ आली तेव्हा मैनाच म्हणाली, "मॅडम, आमच्या रानात चला की." तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, बाईंनी तेवढी दोरी कापून नेली. रान निघालं तीन दोऱ्या रुंद, अकरा दोऱ्या लांब. तेहतीस गुंठे. "आता मालकाच्या मुलांत याचे सारखे वाटे करा," बाई सहज बोलून गेल्या. मैनाने फक्कीच्या दोन सरळ रेघा ओढल्या. तीन पट्टे पडले.

बांधावरून तिचे वडील, हिंदुराव, हसत आले. "मला पोरं दोन. तिसरा वाटा कुनाचा गं?"

"माझा," मैना म्हणाली. तीही हसतच म्हणाली.

हिंदुरावांचं हसू तिथंच थांबलं. चहा मात्र सगळ्या वर्गाला मिळाला.

पुढे मैनाचं लग्न ठरलं. बहिणीने जमिनीवरचा हक्क भावांना लिहून द्यायचा आणि भावांनी तिची साडी-चोळी, तिचं माहेर सांभाळायचं, अशी तिकडची रीत. एरवी लग्नानंतर सवडीने होणारं हे हक्कसोडपत्र त्या दोन रेघांमुळे घाईला आलं. "मला नाही सही करायची. तुम्ही बोलाल माझ्या वडलांशी?" मैनाने विचारलं, आणि वासंतीबाईंनी पिशवी उचलली. त्या तशाच धायरीला गेल्या.

"कायद्याने तिचा वाटा आहे," त्या हिंदुरावांना म्हणाल्या.

"हाय की. कोन न्हाई म्हनतंय?" हिंदुराव शांतपणे म्हणाले. "पन उद्या सासरी काय इपरीत झालं, तर कायदा जानार हाय का तिला आनायला? भाऊच जानार. का तुमी जाल, मॅडम?"

बाईंना "जाईन" म्हणता आलं नाही. खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायची हिंमत होईना. आतल्या दारात उभ्या असलेल्या मैनाने त्यांचं गप्प बसणं ऐकलं. त्याच आठवड्यात तिने सही केली.

प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून एक सर आले. प्रश्नांच्या चिठ्ठ्या बाईंनी रानातून परतल्यावर उत्साहाच्या भरात लिहिल्या होत्या आणि त्या केव्हाच सीलबंद झाल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मैनाच्या हातांवर मेंदी होती. तिने उचललेल्या चिठ्ठीत होतं: तेहतीस चिंचोके, दोन मुलगे, एक मुलगी, समान वाटणी करा.

वासंतीबाईंना तिथून उठून जावंसं वाटलं.

मैनाने सोळा-सोळाचे दोन ढीग केले. एक चिंचोका उरला, तो तिने तळहातावर घेतला.

"आणि मुलीचा वाटा?" सरांनी विचारलं.

"हा, सर."

"चूक. इतकं साधं येत नाही? मॅडम, वर्षभर शिकवलंत तरी काय?"

"मॅडमनी बरोबर शिकवलं होतं," मैना म्हणाली. "मलाच नाही जमलं."

सरांनी शून्य लिहिलं. खाली दोन्ही परीक्षकांची सही लागत होती. वासंतीबाईंनीही केली.