आनंदा घरताची पारख

वैशाखाच्या भर उन्हात कुणी आपणहून रानोमाळ हिंडत नाही. रोडपालीचा आनंदा घरत मात्र नेमका वैशाखातच हिंडायचा. भाद्रपदात कुठलंही गाव गोजिरं दिसतं, त्याची खरी चाल वैशाखात कळते, असं त्याचं म्हणणं. खाडीकाठची त्याची भातखाचरं नव्या शहराच्या कामात गेली, त्यानंतरची ही नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. हातात छत्री, खांद्यावर भाकरीचं फडकं, आणि सगळा पनवेल तालुका पायाखाली.

त्याला नुसती जमीन नको होती. उद्या बाजार बंद पडला, रॉकेल संपलं, एस.टी. थांबली, तरी म्हातारी आई गोदूबाई, बायको मालू आणि तो स्वतः कुणापुढे हात न पसरता जगतील, असं ठिकाण हवं होतं. एका पावसाळ्यात उधाणाने बांध फोडला तेव्हा गावचा वाणी दुकानाला कुलूप लावून पळाला होता आणि अख्ख्या गावाने पेजेवर दिवस काढले होते. ते आनंदाच्या पोटाने लक्षात ठेवलं होतं.

मुलीला स्थळ बघावं तशी तो गावं बघायचा आणि तशीच नाकारायचा. एका गावची माती काळीभोर, पण ओढ्याकाठच्या झाडांवर माणसाच्या डोक्याइतक्या उंचीला गाळकचरा अडकलेला. नको. दुसऱ्या गावाच्या माथ्यावरचा डोंगर झाडं तोडून बोडका केलेला. धो धो पाऊस झाला की चिखल घरात. नको. तालुक्याच्या हद्दीपलीकडचं चिरनेरचं रान त्याला मनापासून आवडलं, पण तिथे मालूचं माहेर. संकटात आपल्याआधी पाहुणे जेवतात, असं म्हणून त्याने तेही सोडलं, आणि मालूने दोन दिवस अबोला धरला. माणूस हट्टी होता, पण वेडा नव्हता. कुणाला पटो न पटो, त्याची नजर खोटी नव्हती.

शेवटी प्रबळगडाच्या पायथ्याशी त्याला हवं ते सापडलं. वैशाखातही विहिरीला पाणी. खाली भात होईल, वर नाचणी होईल. जळण हाताशी, पुराचं पाणी कधी पोचणार नाही इतकी उंची, आणि शेजारी काळू ठाकराचं घर, हाकेच्या अंतरावर. आनंदाने घर बांधलं, कौलं घातली आणि आईला खांद्याचा आधार देत उंबरठ्यावर आणलं. म्हातारीने चौफेर बघितलं आणि म्हणाली, "खारा वारा नाय रं हितं. झोप लागंल काय मना?" दुसऱ्याच दिवसापासून ती ढाराढूर झोपू लागली.

आता घर कसं बांधलं ते सांगायला हवं. खाडीकाठचा माणूस सगळं वर ठेवतो. तिथे संकट येतं ते पायाखालून, पाण्याच्या रूपाने. बांध फुटला की एकच ओरड उठते. पुरुष चिखल घेऊन बांधाकडे धावतात आणि बायका म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन माळ्यावर चढतात. विचार करायचा नाही, ओरड ऐकली की चढायचं. लहानपणापासून अंगात मुरलेली ही रीत. आनंदाने नव्या घरालाही तसाच भक्कम सागाचा माळा केला. कणग्या वर, बियाणं वर, मिठाची बरणी वर, इतकंच काय, गुरांचा पेंढासुद्धा वर.

काळूने तो पेंढा बघितला. म्हणाला, "आनंदादादा, पेंढा घरात? आमी तर लांब माळावर रचतो."

"भिजला तर?" आनंदा म्हणाला.

"हितं कोन भिजवतोय?"

आनंदा हसला. वर्षानुवर्षांची सवय अशी दुसऱ्याच्या एका वाक्याने सुटते होय? पेंढा वरच राहिला.

दोन वर्षं दृष्ट लागावी अशी गेली. मीठ सोडलं तर बाजारातून आणायला काही उरलं नाही, अशी बढाई तो पनवेलात मारून यायचा. मग ती दुपार आली. शिमगा होऊन गेला होता, डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं. आनंदा खालच्या खाचरात बांध नीट करत होता. मान वर केली तर डोंगराच्या सोंडेवरून वणवा उतरत होता, आणि वारा घराकडे.

तो धावत सुटला. छाती फुटेल असा धावला आणि धावता धावता ओरडला, "आये! मालू! वर चढा! वर चढा!"

काय ओरडलो हे त्याच्या डोक्यात शिरलंसुद्धा नाही. तोंडाने आपलं काम केलं. सगळ्या तालुक्याची पारख करणारा हा शहाणा माणूस, आणि आगीत घरच्यांना पेंढ्यावर चढायला सांगतो!

तो पोचला तेव्हा दार उघडं होतं आणि खाली कुणीच नव्हतं. वाचली, बाहेर पळाली, असं वाटून त्याला क्षणभर हायसं वाटलं. मग वरून खोकला ऐकू आला. कौलांच्या फटीतून ठिणगी आत शिरली होती, पेंढा पेटला होता, माळा धुराने भरला होता. शिडी धरायला गेला तर हात भाजले. काळूने मागून चढून कोयत्याने कौलं फोडली आणि मालूला ओढून काढलं. गोदूबाईला काढलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता. अंगाला आगीचा डागसुद्धा नव्हता. धुरानेच नेलं.

बाराव्याला रोडपालीची माणसं आली. वणव्यापुढे कुणाचं काय चालतं, दैव बलवत्तर, असं जो तो बोलला. आनंदाने कुणाला सांगितलं नाही की आपण काय ओरडलो होतो. पण मालूने ते ऐकलं होतं. धुराने तिचा घसा बसलेला होता, आणि तो दिवसभर तिच्या आसपास घोटाळत होता. माणसं पांगल्यावर त्यानेच विचारलं, "मालू, तुमी भायेर का नाय पलाला?"

मालूने त्याच्याकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "पलतच होतो. आत्याच बोलल्या, धूर वर जातं गो, भायेर चल. उंबऱ्यापर्यंत आलो नि तुमची हाक आली. मी बोलले, आत्या, ते चुकलं असतील. तवा मना रागं भरल्या. बोलल्या, माजा पोर कंदी चुकल काय? आनि माज्या आधी त्याच चढल्या."